एक वीत, दोन बोटं

खोली बघायला गेलो त्या दिवशी मालकांनी मला पगार विचारला नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, दारू पितोस का हेही विचारलं नाही. सोप्यातल्या सागवानी बाकाच्या एका टोकाला मला बसवलं, खिशातून काडेपेटी काढली, काडी ओढली आणि ती माझ्या तोंडापासून वीतभर लांब धरून म्हणाले, "विझीव."

मी ओठांचा चंबू करून फू केलं. काडी विझली. मालक वैतागले.

"आसं न्हाई रं. आसं तर कोणबी विझवंल. तोंड उघडं ठिवायचं, मांजराच्या जांभईगत. ओठ जवळ आणायचं न्हाईत. हां, आता विझीव."

दुसरी काडी जळून गेली. तिसरी विझली. मग त्यांनी पुढची काडी किंचित लांब धरली, तीही विझली. त्याच्या पुढं मात्र जमेना. मालकांनी बाकाच्या कडेवर बोटं लावून अंतर मोजलं, कानावरची पेन्सिल काढून रेघ ओढली आणि रेघेशेजारी माझं आडनाव लिहिलं.

"एक वीत, दोन बोटं. लय न्हाई, पर ठीक हाय. चावी काकीकडनं घे." काकी म्हणजे त्यांची बायको.

त्या कडेवर अख्खी गल्ली होती. दूधवाला, सिलिंडर आणणारा, मीटर वाचायला येणारा, आधीचे भाडेकरू. पोस्टमन दोन वीत चार बोटं होता आणि त्याचं मालकांना भारी कौतुक. वॉर्डातून मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही त्यांनी काडी विझवायला लावली होती. बिचाऱ्याची रेघ वीतभरसुद्धा नव्हती. पुढं तो पडला, तर मालक म्हणाले, "मला आधीच म्हायती हुतं."

हे मी एका बैठकीत लिहितोय असं समजू नका. आत्तापर्यंत दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलोय. तोंडात बडीशेप आहे, पेनाचं टोपण चावून चपटं झालंय, डावा पाय टेबलाखाली आपोआप हलतोय. हा पाय हलायला कधी लागला ते सांगायचं तर अण्णांबद्दलच सांगावं लागतं. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं.

अण्णा मूळचे आटपाडीकडचे. त्या भागातली माणसं पाऊस नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली आणि देशभर गलाईची दुकानं टाकून बसली. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून, तेजाबात, म्हणजे जळजळीत आम्लात, घालून शुद्ध करून द्यायचं. अण्णा मिसरूड फुटायच्या आधी मदुराईच्या बाजूला गेले आणि चाळीस वर्षं भट्टीपुढं बसून परतले. साताऱ्यात घर बांधलं, मुलं तिकडंच दुकान बघतात. तिकडची भाषा त्यांच्या तोंडात थोडीशी राहिली होती. 'बरं बरं' म्हणायचं असलं की ते 'सेरी सेरी' म्हणायचे. पण भाषेपेक्षा धंदाच जास्त राहिला होता.

गलाईच्या दुकानात केर फेकत नाहीत. केरात सोन्याची कणी असते. हात धुतलेलं पाणी ठेवतात, कामाचे कपडे फाटले की जाळून राख धुतात. घरात सोनं नसलं तरी अण्णांचा हा हिशोब चालूच होता. आमच्या वाड्यावस्तीतल्या कुठल्या बाईला नवरा केर काढून देत नसेल. काकींना मात्र केरसुणीला हात लावायची परवानगी नव्हती. अण्णा स्वतः झाडायचे. माझ्या खोलीचा केरही मी जिन्याखाली आणून ठेवायचा, मग ते पाटावर बसून तो बोटांनी पसरायचे, बघायचे, आणि मगच फेकायचे. एकदा स्वतःचा जुना सदरा त्यांनी अंगणात जाळला आणि राख चाळली.

"आवं, त्यात काय घावणार हाय?" काकी म्हणाल्या.

"बटणं घावली की," अण्णा म्हणाले.

कुठल्याही गोष्टीवर त्यांचा एकच प्रश्न असायचा. लग्नाला जाऊन आलं, "उरलं काय?" मुख्यमंत्र्यांची सभा झाली, "उरलं काय?" मी कंपनीत बढती मिळाल्याचे पेढे दिले, त्यांनी पेढा खाल्ला, खोका उपडा केला आणि तोच प्रश्न विचारला. माझा जीव जळला तेव्हा. आता कुणी मला काही कौतुकानं सांगायला लागलं की माझ्याही तोंडात तेच येतं आणि मी ते गिळतो.

त्यांचं नाक गेलेलं होतं. तेजाबाची तांबडी वाफ चाळीस वर्षं खाल्ल्यावर नाकाला वास यायचा बंद झाला. दूध करपलं तरी कळायचं नाही. छाती तर त्याहून वाईट. बोलताना मधेच थांबून ते हवा गोळा करायचे. माझ्या खोलीचा जिना सोळा पायऱ्यांचा, मी राहायला यायच्या आधीच्या तीन वर्षांत ते वर आले नव्हते. खरं सांगायचं तर खोली मला आवडली ती याचसाठी. मालकाला वास येत नाही आणि मालक वर येत नाही. मला आणखी काय हवं होतं?

मी शिराळ्याचा. साताऱ्याच्या एमआयडीसीत तपासणी विभागात काम करतो. दिवसभर मायक्रोमीटर धरून लोखंडी नगांची मापं घ्यायची, केसभर फरक असला तरी नग बाजूला काढायचा. कॉलेजात सिगारेट लागली होती. ती सोडायची म्हणून पुण्याच्या एका मित्राकडून व्हेप, म्हणजे बॅटरीवरची वाफेची सिगारेट, घेतलं. निळं, पेनड्राईव्हपेक्षा जरा जाड. विकायला बंदी आहे म्हणतात, पण कुठं विचारायचं ते कळलं की मिळतं. धूर नाही, राख नाही, कपड्यांना वास नाही. मी स्वतःवरच खूश होतो. सिगारेट सुटली, असं घरी फोन करून आईला सांगितलंसुद्धा.

पण सिगारेट निदान संपते. पाकीट संपतं, टपरी बंद होते, पाऊस असतो, उठायचा कंटाळा येतो. हे संपतच नव्हतं. उशाखाली असायचं. डोळा उघडायच्या आधी हात तिकडं. दात घासताना एक झुरका, बूट घालताना एक, कंपनीत बाथरूमला जाऊन चार. पाऊण तास हाताशी नसलं तर कपाळ जड व्हायचं, कुणी साधं बोललं तरी अंगावर जायचो. छातीत धडधडायचं, झोप तुकड्या-तुकड्यानं यायची. मायक्रोमीटर धरलेला हात हलायला लागला, तेव्हा मी चहा जास्त होतोय असं ठरवून चहा बंद केला.

फ्लेवर आंब्याचा होता. त्यानं घात केला.

डिसेंबरात एका रविवारी काकी जिन्याखाली उभ्या राहून अण्णांना म्हणत होत्या, "आंब्याचा वास येतूय बगा. रोज येतूय. ह्या दिवसांत आंबं कुठनं आणतूय ह्यो? आणि आणतूय तर एकटाच खातूय! मी त्येला तांदूळ देतीय, भाकरी देतीय, एक फोड न्हाई दिली कवा."

मी वर दाराआड उभा राहून हसू दाबत होतो. काकींचा राग खरा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भाकरीबरोबर नुसती चटणी दिली, भाजी दिली नाही.

अण्णांनी आठ दिवस काही विचारलं नाही. फक्त माझा केर नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. नवव्या दिवशी कंपनीतून आलो तर बाकावर बसून माझी वाट बघत होते.

"वास हाय म्हनती ती. आठ दिस तुजा केर बघितला. कोय न्हाई, साल न्हाई, देठ न्हाई. म्हंजी आंबा न्हाई. मग हाय काय त्ये?"

इतक्या सरळ हिशोबापुढं खोटं सुचेना. मी खिशातून ते काढून बाकावर ठेवलं.

"सिगरेट न्हाई अण्णा. सिगरेट सोडायसाठीच घेतलंय. ह्यात धूर न्हाई, नुसती वाफ हाय. वाफेनं काय हुतंय?"

अण्णांचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांना धाप लागली. पण ते श्वास गोळा करत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते.

"आमच्या शेठनं पयल्या दिशी मला ह्येच सांगितलं हुतं," ते म्हणाले. "तेजाब उकळताना डोळ्यातनं पानी यायचं. शेठ म्हनलं, गप बस, वाफ हाय ती, धूर न्हाई. वाफेनं कोण मरत न्हाई. मी ऐकलं. पुढं माज्या धाकट्या भावाला मी दुकानात घेतला. त्यो खोकायला लागला. तवा त्येला कुनी सांगितलं? मी सांगितलं. गप रं, वाफ हाय ती. त्येज्या छातीचा फोटो डाक्टरनं उजेडावर धरला तवा मी भाईर जाऊन हुबा ऱ्हायलो. मला बघवंना. माज्यामागनं भट्टीवर बसलेला त्यो, माज्याआधी गेला. चाळिशीबी गाठली न्हाई."

काकी आतून बाहेर आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि खरं सांगतो, पळून जाऊन पहिल्यांदा एक झुरका मारावासा वाटत होता.

अण्णांनी त्याच दिवशी परीक्षा घेतली. व्हेपचं खालचं तेलाचं नळकांडं माझ्याकडून वेगळं करून घेतलं, चिमट्यानं आतली तार आणि कापूस बाहेर ओढला. कापूस मुळात पांढरा असणार. तो काळा कोळसा झाला होता. तारेवर गुळाच्या काकवीसारखी चिकट पुटं चढली होती. कापूस त्यांनी पांढऱ्या बशीत ठेवला. मग पातेल्यात पाणी उकळलं, वर ताटली धरली, ताटलीवरची वाफ फडक्यानं पुसली आणि ते स्वच्छ फडकं बशीशेजारी ठेवलं.

"ही वाफ," फडक्यावर बोट ठेवून ते म्हणाले. मग बोट कापसावर आलं. "आणि ही तुजी. उरलं काय, बग."

केसभर फरकासाठी नग बाजूला काढणारा मी. दोन्ही बघून म्हणालो, "अण्णा, पर ह्ये सिगरेटीपेक्षा बरं असतंय."

"सेरी सेरी," म्हणून त्यांनी काडेपेटी काढली.

माझी नवी रेघ पहिल्या रेघेच्या आत आली. आठ बोटं. दीड वर्षात वीतसुद्धा भरेना. सिगारेटीचं किती आणि ह्याचं किती, मला माहीत नाही, पण रेघ खोटी नव्हती.

मग ठरलं असं की उरलेलं यंत्र अण्णांच्या लोखंडी कपाटात राहील. मी मागितलं की ते देतील, अडवणार नाहीत, फक्त आधी काडी विझवायची. मी मान डोलावली. चार दिवस दम धरला. त्या चार दिवसांत मी सुपरवायझरशी भांडलो, काकींनी वाढलेलं ताट अर्धं सोडून उठलो. पाचव्या दिवशी पोवई नाक्यापाशी एका ओळखीच्याकडून नवीन घेऊन आलो. ह्या वेळी बिनवासाचं. माझ्या हुशारीची ती हद्द होती. त्याचं वेष्टन मात्र मी केरात टाकलं.

पुढच्या रविवारी दुपारी मी खोलीत पडलो होतो. हातात ते होतं. जिन्यावर चपलेचा आवाज आला. एक पायरी. मग काहीच नाही. मी कान टवकारला. बऱ्याच वेळानं दुसरी पायरी. मध्ये श्वासाची शिट्टी. अण्णा वर येत होते.

सोळा पायऱ्या. माझ्याकडं वेळच वेळ होता. मी दार उघडून खाली धावलो असतो, त्यांना हात देऊन परत खाली नेलं असतं. तेवढ्यासाठी दोन मिनिटंही लागली नसती. मी काय केलं ते लिहायला आजही हात जड होतो. मी आणखी एक झुरका मारला. मग ते तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि झाकण लावलं. मग पडून राहिलो आणि पायऱ्या ऐकत राहिलो. दहावी. अकरावी. मधे एवढा वेळ गेला की मला वाटलं परत गेले, आणि मला बरं वाटलं. मग बारावी.

ते उंबऱ्यावर बसले. ओठ जांभळे झाले होते, सदरा घामानं पाठीला चिकटला होता. बोलता येईना. खिशातून काडेपेटी काढून माझ्याकडं दिली आणि ओढ अशी खूण केली. मला वाटलं माझी परीक्षा आहे. पण त्यांनी स्वतःच तोंड उघडलं.

मी जळती काडी त्यांच्या ओठांपासून दोन बोटांवर धरली. त्यांनी फुंकलं. छाती हलली, मानेच्या शिरा ताणल्या, ज्योत मात्र हललीसुद्धा नाही. ते फुंकतच राहिले. काडी जळत खाली आली, माझ्या बोटांना चटका बसला आणि मी ती टाकली.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "माजी रेघ बाकावर न्हाई. तू कवा इचारलं न्हाईस." मग आणखी थोडा श्वास घेऊन, "डब्यातनं काढ त्ये. झाकान वाजलं मगाशी. तांदूळ काकीनं दिल्यात."

मला लाज वाटली. आयुष्यात तेवढी कधी वाटली नव्हती. डबा उघडून ते काढलं, त्यांच्या ओंजळीत ठेवलं आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडलो. अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. त्यांना तेवढं अवसान नव्हतं. मी आणि काकींनी त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी काकी मला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या, शाळेत नाव घालायला न्यावं तशा. तिथल्या डॉक्टरबाई शांत होत्या. म्हणाल्या, वाफ असो की धूर, मेंदूला निकोटिनच लागतं, आणि तुमच्या बाटलीत ते किती होतं हे तुम्हालाही माहीत नाही आणि विकणाऱ्यालाही नाही. एकट्यानं जमलं नाही म्हणून खचू नका, त्यासाठीच आम्ही इथं आहोत. गोळ्या दिल्या, चघळायला निकोटिनचं गम दिलं, दर आठवड्याला बोलावलं.

औषध दवाखान्याचं, पण हातांचं काय करायचं ते अण्णांनी शोधलं. तलफ आली की मी खाली यायचं आणि काकींच्या चुलीची राख चाळायची. बारीक चाळणीनं, बसून, सगळी. पहिल्या दिवशी मी रागानं चाळण आपटली. अण्णा म्हणाले, "आपट की. पर राख भाईर सांडू दिऊ नगंस." महिनाभरात मी इतकी राख चाळली की शेजारची बाई भांडी घासायला मागून न्यायला लागली. त्या राखेत मला एक खिळा सापडला, एक जळकी सेफ्टी पिन आणि काकींच्या जोडव्याचा तुकडा. तो तुकडा अण्णांनी हातावर घेऊन असा बघितला की मला वाटलं आता आनंदानं उठून नाचतात. त्या काळात माझ्या डोक्यात सारखं काहीतरी धावत असायचं, अजूनही धावतं. पण चाळण हातात असली की ते थोडं हळू व्हायचं.

उन्हाळ्यात अण्णांची छाती आणखी बिघडली. साताऱ्याची पावसाळी दमट हवा नको म्हणून काकी त्यांना आटपाडीला, भावकीच्या घरी घेऊन गेल्या. खाली कुलूप लागलं. बाक तिथंच सोप्यात राहिला. येता-जाता मी त्याच्याकडं बघायचं टाळायचो.

सात महिने मी काही ओढलं नव्हतं तेव्हा भेटायला गेलो. आटपाडीच्या स्टँडवर उतरलो आणि पाय टपरीकडं वळले. स्टँडाला तीन चकरा मारल्या. घाम आला. चौथ्या चकरेला रिक्षात बसलो.

अण्णा भिंतीला लागून असलेल्या खाटेवर होते. नाकात नळी, खाली ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं. शरीर निम्मं झालं होतं. त्यांचा उजवा हात सारखा सदऱ्याच्या खिशाकडं जायचा, चाचपायचा आणि परत यायचा. त्या हाताची ओळख मला पटली. माझाही तसाच जातो.

"काडेपेटी काडून घेतलीय," काकी म्हणाल्या. "ह्या मशीनपशी काडी वढायची न्हाई म्हनून सांगितलंय. देवाचा दिवाबी म्या पलीकडच्या घरात लावतीय. ह्येनला करमंना."

अण्णांनी मला जवळ बोलावलं. खाटेच्या कडेला बसवलं.

"सुटली?" त्यांनी विचारलं.

"रोज सोडतूय," मी म्हणालो. "आज स्टँडवर तीन चकरा मारल्या."

"सेरी." ते हसले. मग त्यांनी तळवा उघडून माझ्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरला. "फुंक. मांजराच्या जांभईगत."

काडी विझवणं वेगळं आणि तळव्याला वारा लागणं वेगळं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी तोंड उघडलं आणि फुंकलं.

त्यांनी डोळे मिटले. "लागतंय." हात मागं घेतला. "फुंक. लागतंय." पुन्हा मागं. मी फुंकत होतो, ते हात लांबवत होते. कोपर सरळ झालं, खांदा उशीवरून उचलला गेला, बोटं भिंतीच्या कडेनं ताणली गेली.

"अगं," त्यांनी काकींना हाक मारली, "पेन्सिल आण. भितीवर खूण कर. माज्या बोटापशी."

काकींनी डोळे पुसत रेघ ओढली आणि शेजारी माझं आडनाव लिहायला लागल्या.

"त्येजं नाव नगं लिवू तितं," अण्णा म्हणाले. "त्येची रेघ अजून म्होरं हाय. माजा हात हितं संपला."

हात त्यांनी खाली घेतला नाही. तो तसाच ताणलेला होता. मी पुन्हा तोंड उघडलं.